पेल ग्रँट, आत्याची सही आणि बारा महिन्यांचा हिशोब: न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेज ॲडमिशनची केस

पार्श्वभूमी

कुटुंब मराठी, राहायला मध्य न्यू जर्सीत. नावं बदललीत, कॉलेजचं नाव मुद्दाम गाळलंय, मुलीला इथे सायली म्हणू. सायलीच्या आत्याने २००५ च्या सुरुवातीला भावासाठी ग्रीन कार्डचा अर्ज घातला, सायलीचा जन्मही त्याच वर्षीचा, आणि भाऊ-बहीण कॅटेगरीत भारताची रांग इतकी लांब की सगळं होऊन हे चौघं इथे उतरले ते सप्टेंबर २०२३ च्या मध्यावर. म्हणजे अर्जाचं वय आणि मुलीचं वय एकच. वडील सांगलीकडे एका सहकारी बँकेत क्लार्क होते, इथे टर्नपाइक हायवेच्या एक्झिट ८ए जवळच्या वेअरहाउसमध्ये रात्रपाळीला लागले. आई आधी घरीच, इथे आल्यावर एका डे-केअरमध्ये पार्ट टाइम. धाकटा भाऊ हायस्कूलला दहावीत बसला. राहायला आत्याच्या घराचं बेसमेंट, भाडं नाही, त्यामुळे लीज वगैरे कागद नाही. हा लीजचा मुद्दा पुढे येणार आहे.

सायली महाराष्ट्र बोर्डाची बारावी कॉमर्स, २०२३ ची पास. सांगलीला एफवायला ॲडमिशन घेतलेली ती सोडून आली. पहिलं वर्ष एका डोनटच्या दुकानात काउंटरवर गेलं, पहाटे साडेचारची शिफ्ट. कॉलेजचं बघू, आधी स्थिरस्थावर होऊ, असं घरात ठरलेलं. वर्ष होत आलं तरी "बघू"च चाललेलं तेव्हा आई एकदा मंडळाच्या कार्यक्रमात भेटली आणि मला म्हणाली, ताई, तुम्ही फॉर्म भरून देता ना मुलांचे, आमच्या हिचं काही होईल का? हे जून २०२४.

अडचण नेमकी कुठे होती

पैसे हे तर होतंच. पण माझ्या मते खरी अडचण पैशांची नव्हती, ऐकीव माहितीची होती. त्या घरात येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांना "तुम्हाला काही मिळणार नाही" असं सांगितलेलं आणि गंमत म्हणजे सांगणारा कुणीच खोटं बोलत नव्हता.

आयटीतले एक ओळखीचे म्हणाले की आमच्या मुलाला फॅफ्सा (शिक्षणासाठी फेडरल सरकारच्या मदतीचा अर्ज) भरताच आला नाही, ते फक्त सिटिझन लोकांसाठी असतं. त्यांचा मुलगा एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून. एच-४ वाल्याला फेडरल मदत मिळत नाही हे बरोबरच आहे, पण ग्रीन कार्डवाला फॅफ्साच्या भाषेत एलिजिबल नॉनसिटिझन, त्याला पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या मुलांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत) सिटिझनसारखीच मिळते आणि त्यासाठी इथे अमुक वर्षं झाली पाहिजेत अशी अटही नाही.

आत्याचे मिस्टर म्हणाले, आमच्या घरात राहता, आमचा इन्कम धरतील, मग काय मिळणार. हेही दुसऱ्या ठिकाणी खरं असतं, काही सरकारी योजनांत एका छताखालचं उत्पन्न बघतात. फॅफ्सात डिपेंडंट मुलाचे आईवडील बघतात, आत्या-काका नाहीत, मग तुम्ही त्यांच्या बेसमेंटला राहा नाहीतर अजून कुठे.

कॉलेजच्या खिडकीवर सायली एकदा स्वतः जाऊन आलेली. तिथल्या बाईंनी विचारलं, न्यू जर्सीत बारा महिने झाले का? नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग स्टेट एड नाही. आता "स्टेट एड नाही" हे वाक्य शंभर टक्के बरोबर, पण घरी पोचेपर्यंत त्यातलं "स्टेट" गळून पडलेलं.

आणि सगळ्यात जड मुद्दा ॲफिडेव्हिटचा. ग्रीन कार्डच्या वेळी आत्याने आय-८६४ वर सही केलेली, म्हणजे ही माणसं सरकारवर भार होणार नाहीत, झाली तर मी बघेन. आत्याच्या मिस्टरांचीही सही होती, घरातला कमावता म्हणून. कुठूनतरी व्हॉट्सॲपवर आलेलं की ग्रीन कार्डवाल्यांनी सरकारी मदत घेतली तर स्पॉन्सरकडून वसूल करतात आणि पुढे सिटिझनशिपला पण अडचण. त्यामुळे काका स्पष्टच म्हणाले, मुलीची फी मी भरतो थोडी, पण सरकारकडे हात पसरू नका. या वाक्यात प्रेम पण होतं, भीती पण होती, आणि थोडा मोठेपणा पण होता, ते काही लपत नाही. सायलीचे वडील त्यावर गप्प. बहिणीने अठरा वर्षं कागद सांभाळले आणि आपण आल्या आल्या तिच्या डोक्याला ताप द्यायचा का, असं त्यांना वाटणं मी समजू शकते.

समोरचे पर्याय

कागदावर नाही पण बोलण्यात चार वाटा होत्या.

एक, अजून सहा महिने थांबायचं. सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर बारा महिने पूर्ण होतात, फॉल सेमिस्टर सुरू होतं लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लगेच, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांनी हुकतं. स्प्रिंगला जानेवारीत सुरू केलं की राज्याचीही मदत, फेडरलचीही, सगळं एकदम. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण पहाटे साडेचारच्या शिफ्टला रुळलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला अजून सहा महिने थांब म्हणणं मला धोक्याचं वाटलं. अशी थांबलेली मुलं बघितलीत, हातात दर आठवड्याला पगार यायला लागला की कॉलेज मागे पडतं.

दोन, काकांच्या पैशाने पार्ट टाइम, दोन विषय. खर्च कमी, पण मग पेलचा विचारच नाही आणि उपकाराचं ओझं मोठं.

तीन, एका खासगी इन्स्टिट्यूटचा मेडिकल कोडिंगसारखा कोर्स. जाहिरात मराठी-गुजराती ग्रुपवर फिरत होती, फी पाच आकडी, कर्ज काढून देतो म्हणाले. सायलीला त्यात रस नव्हता, आईला होता, कारण "लगेच नोकरी". हा पर्याय मी जरा जोरातच खोडून काढला. कोर्स वाईटच असतो असं नाही, पण तिथली क्रेडिट्स पुढे चार वर्षांच्या कॉलेजात धरतील याची काहीच खात्री नव्हती आणि कर्ज पहिल्या दिवसापासून.

चार, आत्ता फॅफ्सा भरायचा, फॉलला काउंटी कॉलेजात, म्हणजे जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेजात, फुल टाइम जायचं, पहिलं सेमिस्टर फक्त पेलवर काढायचं आणि राज्याची मदत स्प्रिंगपासून मागायची.

चौथ्याचं गणित असं. २०२४-२५ ला पेल जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर वर्षाला, म्हणजे एका सेमिस्टरला ३,६९७ च्या आसपास. काउंटी कॉलेजात काउंटीतल्या रहिवाशाला फीसकट क्रेडिटला साधारण दोनशे डॉलर धरा, फुल टाइमचे बारा क्रेडिट घेतले तर २,४००. म्हणजे पेलमध्ये बसतं आणि वर पुस्तकं, बसभाडं सुटतं. पण कॉलेजने तिला रहिवासी धरलंच नाही तर दर दुपटीच्या घरात जातो, ४,८०० होतात आणि हजार-अकराशे डॉलर खिशातून. म्हणजे सगळं अडलेलं रहिवासाच्या दरावर. राज्याची ग्रँट मिळण्याची अट आणि कॉलेजने कुठला दर लावायचा ही अट, दोन्हीत बारा महिने येतात म्हणून लोक एकच समजतात, पण तसं नाहीये. ग्रँटला बारा महिने म्हणजे बारा महिने. दराच्या बाबतीत बारा महिने नसतील तर तुम्ही रहिवासी नाही असं आधी गृहीत धरतात, पण पुरावा देऊन ते गृहीतक खोडता येतं.

पहिला निर्णय: आत्याची सही

फॉर्म उघडायच्या आधी हा विषय संपवणं भाग होतं. तो तसाच ठेवून भरला असता तर पुढे घरात भांडण ठरलेलं. मी काकांना पटवायच्या भानगडीत पडले नाही, मी काय वकील नाही आणि त्यांनी माझं का ऐकावं. त्यांनाच म्हटलं, काका, तुम्ही सही केलेल्या फॉर्मच्या सूचना तुम्हीच काढून वाचा. १९९६ च्या ज्या कायद्यातून हे वसुलीचं प्रकरण आलं त्याच कायद्यात काय काय वगळलंय त्याची यादी आहे आणि त्यात हायर एज्युकेशन ॲक्टखालची विद्यार्थ्यांची मदत सरळ लिहिलेली आहे, म्हणजे पेल त्यात आली. फूड स्टॅम्प, मेडिकेड हा वेगळा विषय. आणि सिटिझनशिपच्या अर्जाला ती "सरकारवर भार" वाली चाचणी नसतेच, ती ग्रीन कार्ड मिळवताना असते, जी पार पडलेली होती.

काकांनी दोन दिवस घेतले, त्यांच्या इमिग्रेशनच्या वकिलाला पण विचारलं, मग फोन केला. म्हणाले, ठीक आहे, भरा, पण माझं नाव कुठे येतंय का ते मला दाखवा. कुठेच येत नव्हतं. त्यांना फॉर्मचं प्रत्येक पान दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला आणि मग तेच सायलीला म्हणाले की कर्जाच्या रकान्यात मात्र काही भरू नकोस हं.

दुसरा निर्णय: फॅफ्सा, आणि नावांची भानगड

ते वर्ष फॅफ्साचं सगळ्यात वाईट वर्ष होतं हे ज्यांनी भरलाय त्यांना सांगायला नको. नवा फॉर्म एरवीच्या ऑक्टोबरऐवजी डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी उघडला, कॉलेजांकडे माहिती मार्चपासून पोचायला लागली, सगळीकडे बॅकलॉग. आम्ही जूनमध्ये बसलो म्हणजे साइट बरी चालत होती पण कॉलेजचं ऑफिस गळ्यापर्यंत भरलेलं.

फॅफ्सा दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो. २०२४-२५ साठी २०२२. आणि २०२२ ला हे लोक सांगलीत होते! म्हणजे इथला टॅक्स रिटर्न नाही, वडिलांचा भारतातला आयटीआर तेवढा. उत्पन्न साधारण ८ लाख ६० हजार रुपये, फॉर्म भरताना डॉलर ८३ रुपयांच्या वर होता, त्या हिशोबाने १०,३०० डॉलरच्या आसपास. चौघांच्या कुटुंबाला, दोन्ही पालक असतील तर, त्या वर्षी ४८,५०० डॉलरच्या आत उत्पन्न असलं की पेल पूर्ण. सांगलीत खाऊनपिऊन सुखी असलेला माणूस इथल्या तक्त्यात तळाला दिसतो, वडिलांना ते थोडं लागलंच, "आम्ही काय एवढे गरीब नव्हतो हो" असं म्हणाले. त्यात खोटं काही नाही, फॉर्म रुपयाची खरेदीशक्ती विचारत नाही, रक्कम विचारतो.

सांगलीचा फ्लॅट भाड्याने दिलेला. ते इथलं राहतं घर नाही, त्यामुळे फॉर्मच्या नियमाने ती गुंतवणूक. काही नातेवाइकांनी सुचवलं की ते कशाला सांगायचं, इंडियातलं कोण बघतंय. आम्ही सरळ ठरवलं की लपवायचं नाही. उत्पन्न त्या मर्यादेच्या एवढं खाली होतं की फ्लॅटने पेलमध्ये फरक पडणारच नव्हता, आणि पडला असता तरी खोटं लिहून सही करण्यात ग्रीन कार्डवाल्याने पडूच नये.

वेळ खाल्ला तो नावांनी. भारतात नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरतात, जॉइंट नाही, त्यामुळे फॉर्मने आईलाही स्वतःचं अकाउंट काढून संमती द्यायला लावली. आता आपली नावं कशी, स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात पहिली दोन एकत्र, तिथून तसंच सोशल सिक्युरिटीला गेलेलं. आईने अकाउंट काढताना नवऱ्याचं नाव मिडल नेमच्या चौकोनात टाकलं, जे कुणीही टाकेल, आणि सोशल सिक्युरिटीशी ते जुळेना. तीन दिवस "माहिती जुळत नाही" एवढंच. शेवटी दोन्ही शब्द पहिल्या नावाच्या चौकोनात, मध्ये एक जागा सोडून, मिडल नेम रिकामं, तेव्हा लागलं. सायलीचंही तेच होणार म्हणून तिचं पहिल्यापासून तसं भरलं.

फॉर्म गेल्यावर आठवड्याभरात उलट निरोप, इमिग्रेशन स्टेटस पक्कं झालं नाही, कॉलेजला कागद दाखवा. हे होतं कधीकधी, घाबरायचं नाही, ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट घेऊन ऑफिसात जायचं, पुढची तपासणी कॉलेज करतं. त्यातच तिची फाइल व्हेरिफिकेशनला पण निवडली गेली, मग वडिलांचा आयटीआर, आईचं "मी रिटर्न भरला नाही" असं सहीचं पत्र. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसा जुलै गेला.

तिसरा निर्णय: दर आणि बिल

ऑगस्टच्या सुरुवातीला बिल आलं ते बाहेरच्या राज्याच्या दराने. अपेक्षेप्रमाणेच. घरात मात्र हादरा, काका लगेच म्हणाले, मी बोललो होतो.

ऑफिसला जाऊन नुसतं "आम्ही इथेच राहतो" म्हणून उपयोग नसतो. लीज नव्हती, लाइट बिल आत्याच्या नावावर. मग जे होतं ते गोळा केलं: वडिलांचं न्यू जर्सीचं लायसन्स, न्यू जर्सीचा टॅक्स कापलेल्या पेस्लिप, २०२३ चा इथला स्टेट रिटर्न, बँकेची स्टेटमेंट्स, धाकट्या भावाचं पब्लिक स्कूलमधलं नाव घातल्याचं पत्र, आणि आत्याचं नोटराइज्ड पत्र की हे चौघं सप्टेंबर २०२३ पासून माझ्या घरी राहतात. माझ्या मते सगळ्यात वजन पडलं ते भावाच्या शाळेच्या पत्राचं, कारण शाळेने आधीच रहिवास तपासलेला असतो. ऑफिसने सांगलीच्या फ्लॅटबद्दल विचारलं, भाड्याने दिलाय, परत जायचा विचार नाही, असं वडिलांनी लेखी दिलं.

पण निकाल येईपर्यंत बिलाची तारीख उलटणार होती आणि पैसे न भरल्यास वर्ग रद्द होतात. इथे दोन वाटा, वर्ग जाऊ द्यायचे आणि उशिरा सुरू होणारे विषय बघायचे, किंवा कॉलेजच्या हप्त्याच्या योजनेत नाव घालून पहिला हप्ता भरायचा. हप्ता भरायचं ठरलं. तो आत्याने भरला, म्हणजे स्वतःच्या कार्डवर टाकला, आणि त्यावर घरात कोणी काही बोललं नाही. वर्ग सुरू व्हायच्या चार दिवस आधी काउंटीचा दर मंजूर झाला.

यातच कुठला प्रोग्रॅम हाही प्रश्न सुटायचा होता. ॲडव्हायझरने दोन सुचवले, अकाउंटिंगचा एएएस (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) आणि बिझनेसचा एएस (असोसिएट ऑफ सायन्स), दोन्ही दोन वर्षांच्या डिग्र्या. एएएस लवकर नोकरीसाठी बरा, पण न्यू जर्सीत २००७ पासून लॅम्पिट लॉ नावाचा कायदा आहे, त्याने एए (असोसिएट ऑफ आर्ट्स) आणि एएस डिग्रीची क्रेडिट्स राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांना धरावी लागतात, एएएसला ते संरक्षण नाही. सायलीला पुढे बॅचलर्स करायचंय म्हटल्यावर एएस. एका अक्षराचा फरक, आणि फॉर्मवर दोन्ही शेजारी शेजारी असतात.

चौथा निर्णय: मॅथ्स सोडायचं का

हा निर्णय पूर्ण सायलीचा होता आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बारावीला तिने मॅथ्सऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेलं, कॉमर्सवाले बरेच जण घेतात. इथे बिझनेसला अल्जिब्रा चुकत नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्या परीक्षेत पन्नासच्या खाली मार्क, दुकानात शिफ्ट वाढवून देत होते, तिने ठरवलं की मॅथ्स सोडते, बाकी तीन विषय करते.

सोडलं तर काय होतं ते तिला माहीत नव्हतं, बऱ्याच मुलांना नसतं. पेल आता क्रेडिटच्या प्रमाणात असते, बारा म्हणजे पूर्ण, नऊ म्हणजे पाऊण, पण कॉलेजची एक ठरलेली तारीख असते, त्या दिवशी जेवढे क्रेडिट तेवढी पेल. ती तारीख उलटून गेलेली, त्यामुळे पैसे परत जाणार नव्हते. म्हणून तिला वाटलं काही नुकसान नाही. नुकसान दुसरीकडे होतं, मदत चालू राहायला प्रगतीची अट असते, साधारणपणे २.० जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पुरे केलेले. बारापैकी नऊ म्हणजे ७५, आकडा पास आहे, पण पुढच्या सेमिस्टरला बारापैकी दोन विषय सुटले की एकूण आकडा ६७ च्या खाली. आणि मॅथ्स पुढे घ्यावंच लागणार, तेव्हा परत त्याचे क्रेडिट पेलच्या आयुष्यभराच्या बारा सेमिस्टरच्या कोट्यातून.

मी तिला सोडू नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की ट्युटरिंग सेंटर फुकट आहे, तिथे आठवडाभर जा आणि मग ठरव. ती गेली, तिथे एक रिटायर्ड शिक्षक बसायचे, त्यांनी तिला म्हणे एकाच प्रकारची वीस गणितं लागोपाठ घालायला लावली, जे आपल्याकडे क्लासमध्ये करतातच. शनिवारची शिफ्ट सोडली, मॅथ्स ठेवलं. शेवटी सी प्लस. बाकी विषयांत ए आणि बी.

निकाल

फॉलला पेलमधून पूर्ण फी गेली, आत्याचा हप्ता परत आला, वर बाराशे-तेराशे डॉलर उरले त्यात पुस्तकं आणि एक जुना लॅपटॉप. उरलेली पेल अशी पुस्तकांपलीकडे खर्च झाली तर ती टॅक्सच्या दृष्टीने मुलीचं उत्पन्न धरतात, फार कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं. तिचा एकूण इन्कम कमी त्यामुळे टॅक्स काही लागला नाही.

स्प्रिंगपासून बारा महिन्यांची अट पूर्ण. न्यू जर्सीत फॅफ्सानंतर राज्याच्या एनजेफॅम्स पोर्टलवर वेगळी उत्तरं द्यावी लागतात, ती दिली नाहीत तर राज्याची फाइल तशीच पडून राहते. ती दिल्यावर टॅग म्हणजे ट्यूशन एड ग्रँट लागू झाली. सीसीओजी म्हणजे कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट, ज्याची जाहिरात "फ्री कम्युनिटी कॉलेज" म्हणून होते, त्यातून तिला जवळपास काहीच आलं नाही आणि आई हिरमुसली. पण ती ग्रँट पेल आणि टॅग वजा जाऊन जे उरतं तेवढंच भरते, आणि उरलंच नव्हतं. ६५,००० डॉलरच्या आत उत्पन्न पण पेल कमी बसते अशा घरांना तिचा खरा फायदा.

दुसऱ्या वर्षी, २०२५-२६ ला, २०२३ चं उत्पन्न धरलं गेलं, त्यातले आठ-नऊ महिने भारतातलेच, त्यामुळे पेल पुन्हा पूर्ण. एक रुपयाचं, म्हणजे डॉलरचं, कर्ज नाही. डोनटच्या दुकानातली नोकरी आहे अजून, फक्त शिफ्ट दुपारची.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी हुकलेली गोष्ट म्हणजे ईओएफ, एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी फंड. न्यू जर्सीचा हा प्रोग्रॅम १९६८ पासूनचा, ग्रँटबरोबर स्वतंत्र काउन्सेलर देतात, उन्हाळ्यात तयारी करून घेतात. जागा मर्यादित, अर्ज आधी करावा लागतो, आणि त्यालाही राज्याचे बारा महिने. फॉल २०२४ ला तो मिळणारच नव्हता, पण तिथल्या ऑफिसात नुसतं जाऊन बोललं असतं तर पुढची वाट कळली असती, निदान मॅथ्सच्या वेळी तिच्या बाजूने बोलणारं कॉलेजातलंच कुणीतरी असतं.

लीज. आत्याने पहिल्या महिन्यात एका कागदावर साधा करार करून दिला असता, भाडं अगदी नाममात्र लिहून आणि खरंच घेऊन, तर ऑगस्टमधली धावपळ निम्मी झाली असती. जवळच्या माणसांत कसला करार, असं आपल्याला वाटतं खरं. पण बेसमेंटमध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबाला मी आता हे आधी सांगते, आणि त्याबरोबर लायसन्स, बँक अकाउंट, शाळा, जे जे तारीख दाखवतं ते पहिल्या महिन्यातच करून घ्या.

स्प्रिंगपर्यंत थांबायला हवं होतं का, यावर काका अजून ठाम आहेत की थांबले असते तर एवढा त्रास झाला नसता. त्रासाबद्दल ते बरोबर आहेत. पण थांबून पैसे वाचले नसते, फॉलची पेल त्या सेमिस्टरसाठीच होती आणि फी त्यात बसली. माझा हिशोब एवढाच आहे की काउंटीचा दर नामंजूर झाला असता तर हजार-अकराशेचा खड्डा पडला असता, आणि तो पडणार की नाही हे जूनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. ज्या घरात तो खड्डा भरायला आत्या नाही त्यांनी फॉलला सहा क्रेडिटने सुरुवात करावी असं मला वाटतं, पेल निम्मी मिळते पण बिलही निम्मं असतं.

आणि आता समोर जे आहे ते. २०२६ च्या फॉलला ती चार वर्षांच्या सरकारी कॉलेजात ट्रान्सफरला बघतेय, त्या वर्षीच्या फॅफ्साला २०२४ चं उत्पन्न, जे पूर्ण इथलं, ५६,००० च्या आसपास. पेल थोडी कमी होईल. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाला न्यू जर्सीची गार्डन स्टेट गॅरंटी आहे, ६५,००० च्या आत असलं तर ट्यूशन आणि फी शून्य. वडिलांना आता वेअरहाउसमध्ये ओव्हरटाइम मिळतोय, आईला फुल टाइमचं विचारलंय, आणि २०२५ चा आकडा त्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो हे शेवटच्या वर्षासाठी महत्त्वाचं. म्हणून ओव्हरटाइम नाकारायचा का, असं वडिलांनी विचारलं. मी नाही म्हटलं, रेषेच्या थोडं वर गेलं तरी मदत एकदम शून्य होत नाही, टप्प्याटप्प्याने कमी होते, आणि धाकटा २०२६ च्या जूनमध्ये हायस्कूल संपवतोय, त्याचा फॅफ्सा पण भरायचाय. त्याचं अकाउंट मात्र काढून झालंय, दोन्ही नावं पहिल्याच चौकोनात.